अल्प उत्पन्न गटातला सोफा

प्रतिष्ठा ही माणसाची एकमेव खरी मालमत्ता आहे. ती विकत मिळत नाही, वाटून घेता येत नाही आणि कुणाकडून उसनी तर मुळीच आणता येत नाही. हे थोर वाक्य आमच्या इमारतीतले दरवानकाका रोज सकाळी खालच्या नळापाशी, डोक्यावर टोपी घालून रांगेत उभे राहून, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात माझ्याकडून उसनं नेलेलं टमरेल घेऊन उच्चारत.

काकांनी शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलच्या दारावर हयात काढली. हॉटेल आतून कसं आहे हे त्यांनी कधी पाहिलं नाही, पण दार असं उघडायचे की आत जाणाऱ्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं आणि बाहेर पडणाऱ्याचा हात आपोआप खिशात जायचा. आता ते निवृत्त आहेत आणि आमच्या चौथ्या मजल्यावर एका खोलीत मुलगा-सुनेबरोबर राहतात. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा रंगारी आहे, दुसऱ्यांच्या भिंती रंगवतो. सून पिशव्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसते. दोघांनाही काम असेल त्या दिवशी पैसे मिळतात आणि काम नसेल त्या दिवशी काकांचं भाषण मिळतं.

सुनेला दिवस गेले तेव्हा इमारतीला आनंद झाला. चौथ्या मजल्यावरून भाषणाऐवजी वेगळा काही आवाज ऐकू येईल, ही आशा सगळ्यांनाच होती. पण सातव्या महिन्यात तिचे पाय सुजले आणि दवाखान्यातल्या सिस्टरने दंडाला पट्टा गुंडाळून, तो फुगवून, सोडून, पुन्हा फुगवून तोंड गंभीर केलं.

"प्रेशर चढतंय," सिस्टर म्हणाली. "बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच करायचं. आणि बाळ हातात आलं की सुटलो, असं समजू नका. हे प्रेशर नंतरसुद्धा चढतं, अगदी घरी गेल्यावरही. तेव्हा परत भरती व्हायची वेळ येऊ शकते. विमा वगैरे काही आहे ना?"

रंगाऱ्याने मान अशी हलवली की त्यातून हो किंवा नाही, जे हवं ते घ्यावं.

मग विम्याचा शोध सुरू झाला. पहिला गाठला तो एजंट. एजंटने चहा मागवला, पत्रकं पसरली, हसऱ्या कुटुंबाचं चित्र दाखवलं. "उत्तम पॉलिसी आहे," तो म्हणाला. "फक्त बाळंतपणाचा खर्च मिळायचा तर पॉलिसी घेतल्यापासून तीन वर्षं थांबावं लागतं." रंगाऱ्याने बायकोकडे पाहिलं. "थांबशील का?" असं त्याने विचारलं नाही, एवढा तो शहाणा आहे.

दुसरा त्याचा ठेकेदार. "विमा आहे की," ठेकेदार म्हणाला. "रंगाचा. वर्षाच्या आत पोपडे निघाले तर फुकट मारून देतो."

"आणि रंगाऱ्याचा?"

"तुला कुठे पोपडे निघालेत?"

सुनेच्या कारखान्यातही विमा होता, मशीनचा. मशीनवर बसणारीचा नव्हता, कारण ती बदलायला सोपी, असं मालकांचं गणित असावं.

शेवटी वाट सापडली ती दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना. त्या निवृत्त झाल्यापासून वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचतात आणि छपाईच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून रद्दीवाल्याला देतात. त्यांनी नगरपालिकेची एक सूचना कापून आणली. अल्प उत्पन्न गटातल्या जोडप्यांसाठी कार्ड. गरोदरपणातल्या तपासण्या, बाळंतपण, आणि त्यानंतर बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत आई, बाप आणि बाळ या तिघांचेही उपचार मोफत.

"नंतरचंही?" सुनेने विचारलं.

"नंतरचंही. वर्षभर."

सुनेने ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. काका मात्र पहिल्याच ओळीवर अडले होते.

"अल्प उत्पन्न," ते म्हणाले. "म्हणजे हे असं कार्डावर छापणार?"

"छापणार."

"म्हणजे माझी सून रुग्णालयाच्या दारातून आत जाणार ती हे दाखवत?"

"काका, अल्प म्हणजे थोडं. थोडं आहे म्हणजे आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "एवढं काय त्यात?"

"बाबा, आपलं उत्पन्न अल्पच आहे," रंगारी म्हणाला.

"ते आपल्याला माहीत आहे ना? मग पुरे. गावभर कशाला?"

दोन दिवस चौथ्या मजल्यावर अबोला होता. तो मोडला मास्तरीणबाईंनीच, नियमांची मागची बाजू वाचून दाखवताना. अर्ज केला की नगरपालिकेच्या तपासनीसबाई घरी येऊन परिस्थिती बघणार, असं तिथे होतं.

काका खाटेवरून उठले.

"घरी येणार?"

"हो."

"कुणीतरी अधिकारी बाई, आपल्या दारात?"

"हो, पण काका, त्या—"

"मग आधी नाही का सांगायचं? पाहुणी येणार म्हणा की." आणि त्यांनी खिळ्यावरचा पितळी बटणांचा कोट काढून झटकला. त्या कोटातून इतकी धूळ निघाली की मास्तरीणबाईंचं पुढचं वाक्य शिंकेत गेलं. पुढे जे झालं त्याला ती शिंक जबाबदार आहे, असं मास्तरीणबाई आजही म्हणतात.

काकांना जन्मभर एकच काम येत होतं: येणाऱ्याचं स्वागत. येणारा कशासाठी येतोय हे विचारणं दरवानाच्या कामात बसत नाही. अर्ज गेला त्याच संध्याकाळी ते इमारतभर फिरले आणि कुणाकडे काय चांगलं आहे याची त्यांनी पाहणी केली.

खरं तर तिथेच आम्ही त्यांना थांबवायला हवं होतं. पण गंमत अशी की कुणी आपल्याकडची वस्तू मागायला आला की माणूस ती कशासाठी मागतोय हे विसरतो. आपल्याकडे मागण्यासारखं काही आहे, एवढंच त्याच्या लक्षात राहतं. पहिल्या मजल्यावरचा, चष्म्यांचं दुकान असलेला चष्मेवाला नवा सोफा विकत घेऊन बसला होता. बसला होता म्हणजे त्यावर नव्हे. त्यावर अजून प्लॅस्टिक होतं आणि घरचे सगळे खाली बसत. "न्या," तो म्हणाला, "पण प्लॅस्टिक काढू नका." मास्तरीणबाईंनी निरोप समारंभात मिळालेला, सोनेरी काठाचा चहाचा संच कपाटातून काढला; नियम वाचलेल्या एकमेव व्यक्तीने. मी माझा गालिचा दिला आणि कुणी न मागता उंच दांडीचा दिवाही दिला. आता दिलाच आहे तर खोटं कशाला बोला, तो गालिचा माझ्याकडे असताना कुणाच्या नजरेत कधी भरला नव्हता.

रंगाऱ्याला वडिलांनी भिंती रंगवायला सांगितल्या. त्याच्याकडे वेगवेगळ्या घरांच्या कामांतून उरलेले रंगाचे डबे होते, पण कुठलाच एका भिंतीपलीकडे पुरणारा नव्हता. त्यामुळे एक भिंत मोतिया झाली, दुसरी पिस्ता, तिसरी फिकट जांभळी आणि चौथी विटकरी. मात्र हात कसा म्हणाल, तर एक ओघळ नाही, एक केस चिकटलेला नाही. सहा वर्षं तो स्वतःच्या ओल आलेल्या भिंतींकडे बघत झोपला होता. त्या रात्री म्हणे त्याला आनंदाने झोप लागेना. वासानेही लागली नसेल.

या सगळ्यात एकच व्यक्ती शुद्धीवर होती. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "ती बाई आपल्याकडे काही नाही हे बघायला येतेय."

"मग काय झालं? नीटनेटकं नको?"

"काही नाही हेसुद्धा नीट मांडता आलं पाहिजे, सूनबाई," काका म्हणाले.

"बाबा, अहो तो सोफा—"

"तू शांत बस. तुझं प्रेशर वाढेल."

हे वाक्य त्या दिवसांत फार कामाला आलं. ती काही बोलायला लागली की चष्मेवाला जिन्यातून सोफा ओढता ओढता म्हणे, "वहिनी, शांत." मास्तरीणबाई म्हणत, "बाळा, शांत." मीसुद्धा म्हटलं असेल. शेवटी तिने बोलणं सोडलं आणि भिंतीला टेकून, सुजलेले पाय लांब करून, चौथ्या मजल्यावर येणारा सोफा बघत राहिली.

तपासनीसबाई आल्या, त्या सकाळीच. लिफ्ट नसलेले चार मजले चढून, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात फाईल, घाम पुसायला तिसरा हात नाही. दारावरचा नंबर शोधायला त्यांनी मान वर केली तोच दार उघडलं. कुठेही कर्र झालं नाही. काकांनी बिजागऱ्यांना तेल घातलं होतं. दारात काका: कोट, पितळी बटणं, टोपी, आणि कमरेत बरोबर तेवढाच वाक की समोरच्याने मोठं व्हावं आणि आपण लहान होऊ नये.

"या. आपलीच वाट पाहत होतो."

बाई मागे वळून पाहू लागल्या, दुसरं कुणी येतंय का.

त्या आत गेल्या आणि सोफ्यावर बसल्या. प्लॅस्टिक किंचाळलं. आम्ही सगळे, म्हणजे मी, चष्मेवाला आणि मास्तरीणबाई, बाहेर गॅलरीत सहज उभे असल्यासारखे उभे होतो. दार उघडंच होतं. काकांच्या मते पाहुणा आत असताना दार लावणं म्हणजे त्याला डांबणं.

सोनेरी काठाच्या कपातून चहा आला. बाईंनी फाईल उघडली.

"घरात कमावतं कोण?"

"सगळे," काका म्हणाले.

"उत्पन्न किती?"

"पुरेसं."

"आकडा?"

"बाईसाहेब, आकडा विचारणाऱ्याला आमच्या हॉटेलात आत सोडत नसत. आपलं वेगळं आहे, आपण विचारा. पण पुरेसं आहे."

बाईंनी काहीतरी लिहिलं. "महिनाअखेरीला अडचण येते का?"

"अडचण येते ना. पण मी तिला दारातच थांबवतो."

बाहेर चष्मेवाल्याने माझ्या पाठीवर थाप मारली. उत्तर त्यालाही आवडलं होतं.

बाईंची नजर फिरू लागली. सोफा. पेनाची खूण. गालिचा. खूण. उंच दिवा; तिथे त्या जरा थांबल्या, आणि माझी छाती उगीच फुगली. खूण. मग भिंती.

"हे चार रंग कसे काय?"

आता रंगारी इतका वेळ गप्प होता, पण हा प्रश्न त्याच्या कामाचा होता. "हा मोतिया, याने खोली मोठी दिसते. पिस्ता डोळ्यांना थंड. जांभळा दिवसाचा वेगळा आणि दिव्याचा वेगळा दिसतो. आणि विटकरी एकाच भिंतीला द्यायचा असतो. सध्या मोठ्या घरांत असंच करतात."

"अस्सं," बाई म्हणाल्या आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. मग फाईल मिटली. "छान. फार छान ठेवलंय घर. मी तसं लिहिते. या कुटुंबाला कार्डाची गरज दिसत नाही."

"आभारी आहोत," काका म्हणाले, आणि टोपीला हात लावला.

गॅलरीत आम्ही तिघांनीही माना डोलावल्या. परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. मग मास्तरीणबाईंची मान मध्येच थांबली. मग माझी. चष्मेवाल्याची आणखी थोडा वेळ डोलत होती.

आत सून उठली. सातव्या महिन्यातलं उठणं काही झटक्यात होत नाही. एक हात गुडघ्यावर, एक भिंतीवर. पिस्ता रंग अजून पुरता वाळला नव्हता, पाच बोटं उमटली. कुणीतरी "शांत" म्हणणार होतं, पण तिच्या तोंडाकडे पाहून ते राहून गेलं.

"बाबा," ती सासऱ्यांना म्हणाली, बाईंना नव्हे. "गरज आहे."

काकांचा हात टोपीलाच होता.

"मला भीती वाटते. बाळ व्हायची नाही. ते होईल मोठ्या रुग्णालयात, कुणाच्या हातापाया पडून होईल. नंतरची वाटते. सिस्टर म्हणाल्या, घरी आल्यावर चढलं तर लगेच यायचं. तेव्हा आपल्याकडे काही नसलं तर तुम्ही दोघं विचार करत बसाल, आज न्यावं की उद्या न्यावं. मी पण म्हणेन, उद्या. मला माहीत आहे मी म्हणेन." ती थांबली. "सोफ्याचं मी नाही सांगणार. ते तुमचं तुम्ही बघा."

आणि ती पुन्हा खाली बसली.

मी काकांना बरीच वर्षं ओळखतो. नळाचं पाणी गेलं तरी त्यांचं वाक्य अर्धवट राहिलेलं मी पाहिलेलं नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. मग त्यांनी टोपी काढली. टोपीखाली केस फार थोडे होते. हेही आम्हाला नवीनच होतं.

"बाईसाहेब," ते म्हणाले. "माझं काम दार उघडायचं. आतलं काही माझं असायचं नाही, पण येणाऱ्याला वाटायचं सगळं माझ्या घरचंच आहे. ती सवय. आज सवयीने घात केला." मग ते दारात आले आणि हॉटेलबाहेर गाडी बोलवायचे त्याच आवाजात त्यांनी पुकारलं, "चष्मेवाले, आपला सोफा घेऊन जा."

चष्मेवाल्याने दारात चपला काढल्या. मग आत गेला. सोफ्यावर बाई बसल्या होत्या.

"जरा उठता का, मॅडम?"

बाई उठल्या. सोफा उचलला. त्याचं दुसरं टोक रंगाऱ्याने धरलं. सोफा दाराबाहेर गेला.

"हा गालिचा," काकांनी पुकारलं. मी आत जाऊन गुंडाळू लागलो. बाई गालिच्यावर उभ्या होत्या, त्या एक पाऊल मागे सरकल्या, मी गुंडाळत पुढे आलो, त्या आणखी मागे. शेवटी त्या विटकरी भिंतीला लागल्या. एका काखेत गालिचा आणि दुसऱ्या हातात दिवा घेऊन मी बाहेर पडलो तेव्हा माझ्या अंगावर कुणी खूण करत नाही ना, एवढंच मी पाहिलं.

मग मास्तरीणबाई दारात आल्या. "तुमचा चहा झाला का?" त्यांनी विचारलं.

बाईंनी कपाकडे पाहिलं, उरलेला चहा एका घोटात संपवला आणि कपबशी त्यांच्या हातात दिली.

"थँक यू. सगळ्या कपांच्या बुडाला नाव घालून ठेवलंय, पण तरी," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि संच घेऊन गेल्या.

खोलीत आता दोन खाटा होत्या, शेगडी होती, लोखंडी पेटी होती. काका खोलीच्या मधोमध उभे राहिले. टोपी पुन्हा घातली. "हे आमचं," ते म्हणाले, आणि हात असा फिरवला की त्या पेटीला झुंबर लावल्यासारखं वाटलं.

"आणि रंग?" बाईंनी विचारलं.

"उरलेला आहे," रंगारी दारातून म्हणाला. तो धापा टाकत परत आला होता. "लोकांच्या घरांतला. हात माझा."

बाईंनी चारही भिंतींवरून पुन्हा नजर फिरवली. मग पेटीवर बसल्या आणि त्यांना हसू फुटलं. ते हसू अडवायला त्यांनी हेल्मेट तोंडापुढे धरलं.

"मी ही नोकरी सुरू केल्यापासून," त्या म्हणाल्या, "प्रत्येक घरात मला काही ना काही लपवलेलं सापडलंय. टीव्ही खाटेखाली असतो आणि चालू असतो. एका घरी फ्रीजवर गोधडी टाकली होती, म्हणाले आजी झोपल्यात. म्हटलं, उभ्या? तर म्हणाले, त्यांना तशीच सवय आहे. पण बाहेरून आणून मांडलेलं घर हे पहिलंच." त्यांनी फाईल उघडली, मघाचं पान काढून घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि कोरं पान घेतलं. "मला जे दिसतं तेच मी लिहिते. आता पुन्हा विचारते. उत्तरं सरळ द्या. सोफा?"

"नाही," काका म्हणाले. पण कसं म्हणाले, ते ऐकायला हवं होतं. पूर्वी मोठा पाहुणा आला की ते आत वर्दी देत, तसं.

"गालिचा?"

"नाही."

"फ्रीज?"

"नाही."

"झोपलेली आजी?"

"नाही," काका म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

एकेक 'नाही' गॅलरीत घुमत होतं. खालच्या मजल्यांवरची माणसं बाहेर येऊन वर बघू लागली. मुलाच्या आणि सुनेच्या कमाईचा आकडा काकांनी स्वतः सांगितला, कुणीही न सांगता, पूर्ण, वरच्या चिल्लरसकट. आजवर तो आकडा आम्हाला माहीत नव्हता. तो ऐकून चष्मेवाला जिन्याच्या तोंडाशी ठेवलेल्या सोफ्यावरच बसला. प्लॅस्टिकचाही विचार केला नाही.

"आणि पाहुणे आले तर बसवता कुठे?" हा प्रश्न फाईलमध्ये नसावा.

"आमच्याकडे पाहुणा उभा राहत नाही," काका म्हणाले. "शेजारी आहेत."

बाईंनी पानावरून पेन खाली नेलं, वर आणलं. "शेजाऱ्यांचा रकाना नाही यात."

"बरंच आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "असता तर कार्ड गेलं असतं."

बाईंनी जाताना सुनेला सगळं दोनदा समजावलं. कार्ड आल्याबरोबर तपासणी सुरू करायची. बाळ झालं की त्याचं नाव कार्डात घालून घ्यायचं, ते बरेच जण विसरतात. नवऱ्यालाही दवाखाना याच कार्डावर. आणि नंतर पायांना सूज, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर थेट यायचं. "उद्या म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या. "उद्याचे पैसे नगरपालिका देत नाही. आजचे देते."

कार्ड आलं. मुलगी झाली, मोठ्या रुग्णालयात, ठणठणीत, आणि आवाजावरून सांगायचं तर आजोबांवर गेलेली. आई-लेक घरी आल्या. इमारतीला वाटलं, झालं.

आणि मग एका दुपारी मुलीला पाजता पाजता सून म्हणाली, "डोकं फार ठणकतंय. भिंतीचा रंग दिसत नाहीये."

"कुठल्या?" रंगाऱ्याने सवयीने विचारलं, आणि पुढच्या क्षणी तो उठला. आज की उद्या, कुणी बोललंच नाही. रिक्षा चष्मेवाल्याने आणली. मुलीला मास्तरीणबाईंनी घेतलं. चार मजले सुनेला खुर्चीत बसवून उतरवलं; खुर्ची कुणाची होती हे कुणालाही आठवत नाही, ती अजून आमच्या जिन्याखाली पडून आहे. रुग्णालयात काका पुढे झाले, कोटाशिवाय, पायात दोन वेगळ्या चपला, आणि त्यांनी तातडीच्या विभागाचं दार उघडलं. मोठ्या हॉटेलचं दारसुद्धा त्यांनी कधी असं उघडलं नसेल. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. हे वाक्य फार साधं आहे. पण रंगारी ते ऐकून भिंतीला टेकला, आणि ती कुठल्या रंगाची आहे हे त्याने पाहिलं नाही.

प्रेशर हळूहळू उतरलं. सून पुन्हा बोलू लागली, आणि आता तिला "शांत" म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

घरी सोडायच्या दिवशी आम्ही सगळे गेलो होतो. काकांनी कोट घातला होता, बटणं घासली होती. सून नातीला घेऊन बाकावर बसली होती, पाय पूर्वीसारखे बारीक, तोंडावर हसू. काका बिलाच्या खिडकीपाशी गेले. मागे मोठी रांग होती. तरी त्यांनी घाई केली नाही. वरच्या खिशातून कार्ड काढलं, काउंटरवर ठेवलं, दोन बोटांनी खिडकीतल्या माणसाकडे सरकवलं.

"अल्प उत्पन्न गट," ते म्हणाले.

आवाज त्यांचाच होता, आत वर्दी देणारा. रांगेतल्या माणसांनी वळून पाहिलं.

"ही माझी सून. ती माझी नात. तिचंही नाव आहे त्यात, बघून घ्या. मुलगा रंगारी आहे, या शहरातल्या निम्म्या चांगल्या भिंतींना त्याचा हात लागलाय. आमच्या घरात सोफा नाही. आम्ही हे कार्ड मागितलं, कारण ते आमच्यासाठी काढलेलं होतं, आणि ते वेळेवर दाखवलं म्हणून माझी सून आज स्वतःच्या पायांनी घरी चालली आहे. मी जन्मभर मोठ्या माणसांची दारं उघडली, पण इतकं चांगलं काही मी माझ्या हाताने कुणापुढे केलेलं नाही. लिहून घ्या."

रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. मग आणखी एकाने. मास्तरीणबाई चष्मा पुसू लागल्या आणि चष्मेवाला त्यांना कसा पुसू नये हे सांगू लागला. मी छताकडे पाहत होतो. माणसाने कधी कधी छताकडे पाहावं.

खिडकीतल्या माणसाने कार्ड उचललं. पुढून पाहिलं. उलटून पाहिलं. मग मान वर न करता म्हणाला,

"याची दोन्ही बाजूंची झेरॉक्स घेऊन या."